नर्सबाईच्या कानातला आवाज

सावलीहून बैलगाडीनं निघायचं, वैनगंगेच्या घाटावर उतरायचं, डोंग्यात बसून पलीकडे जायचं आणि तिथून पुन्हा बैलगाडी. अशा एका गावातल्या सरकारी दवाखान्यात मी नर्स म्हणून रुजू झाले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणत आणि आम्ही मध्य प्रदेशात मोडत होतो. पुढे माझी बदली न होताच मी मुंबई राज्यात गेले. टेबल तेच राहिलं, फक्त शिक्का नवा आला.

माझा नवरा लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी विषमज्वरानं गेला होता. मला नागपूरला नर्सिंग शिकायला पाठवावं, यावर सासर आणि माहेर दोघांचं एकमत झालं. त्या दोन घरांचं एकमत झालेली तेवढी एकच गोष्ट मला आठवते.

दवाखाना तीन खोल्यांचा, कौलारू. डॉक्टर पन्नाशीचे, अबोल आणि सज्जन. त्यांच्याशी बोलायचं तर डाव्या बाजूला बसायचं, हे गावातल्या लहान पोरांनाही माहीत होतं, कारण उजव्या कानानं त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नसे. त्याबद्दल बोलत मात्र कोणी नव्हतं. झाडलोट, पाणी आणि गावाची बातमी ही तिन्ही कामं आमची आया करी. माझ्याकडे बाळंतपणं होती, आणि आजूबाजूच्या गावांतल्या सुइणींना स्वच्छता शिकवण्याचं काम होतं.

माझ्या पेटीत मी सगळ्यात जास्त जपत असे ती एक लाकडी नळी. वीतभर लांबीची, एका टोकाला तुतारीसारखी पसरट. पसरट तोंड बाईच्या पोटावर टेकवायचं, दुसऱ्या टोकाला आपला कान लावायचा आणि आतल्या बाळाचे ठोके मोजायचे. आमच्या शिकवणाऱ्या बाई सांगत, उशीखाली घड्याळ ठेवलं की जसं ऐकू येतं तसे ते ठोके असतात. वर्गात मला ते सगळ्यांच्या आधी सापडायचे. माझा कान फार चांगला आहे, असं बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या. त्याचा मला जरा जास्तच अभिमान होता.

पहिल्याच कार्तिकात मला हिवताप आला. त्या भागात नव्या माणसाला हिवताप येणं म्हणजे रुजू झाल्याची पोच समजत. डॉक्टरांनी कोयनेलचं मिश्रण दिलं. दिवसातून तीनदा, सात दिवस. इतकं कडू, की प्यायल्यावर पाणीसुद्धा कडू लागे. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि दुपारी पडल्या पडल्या मला रातकिड्याचा आवाज ऐकू आला. किर्र, न थांबता, भर दुपारी.

मी आयाला हाक मारली. "खोलीत कुठेतरी रातकिडा आहे. काढ त्याला."

ती दारात उभी राहून ऐकू लागली. "मले त काईच ऐकू नाई येऊन राह्यलं, बाई."

"तुझे कान डॉक्टरांकडून तपासून घे," मी म्हणाले. हे वाक्य पुढे कितीतरी महिने मला आठवत राहिलं.

तिनं माझी ट्रंक बाहेर काढली, खाट उभी केली, रांजण हलवला. रांजणामागे खरोखरच एक रातकिडा निघाला. तिनं तो झाडूनं मारला आणि माझ्याकडे विजयानं पाहिलं.

"अजून एक आहे," मी म्हणाले.

चुलीमागे दुसरा सापडला. तोही मेला. आवाज चालूच. मी पुन्हा मान हलवली, तेव्हा ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, तुमाले अजून किती किडे पाह्यजेत ते एकदाच सांगा."

मग मी दोन्ही कानांवर तळवे दाबले. आवाज वाढला. तेव्हा मला समजलं की तो खोलीत नाही. मी तिला जायला सांगितलं आणि ट्रंक तशीच बाहेर राहू दिली.

डॉक्टर म्हणाले, "कोयनेलचा गुण आहे तो. औषध बंद झालं की जाईल." औषध बंद झालं आणि आवाज गेलाही, पंधरा दिवस. मग परत आला. तेव्हापासून त्याचं असंच चाललं. कधी चार दिवस नुसता मागे कुठेतरी, लक्ष दिलं तरच कळेल एवढा. कधी अचानक उसळी मारायचा आणि डावा कान भरून जायचा. उसळी का येते हे शोधण्यात मी बरीच बुद्धी खर्च केली. चहा सोडला, लोणचं सोडलं, डाव्या कुशीवर झोपणं सोडलं. आवाजानं यातल्या कशाचीच दखल घेतली नाही.

खरी भीती वेगळीच होती. मी बहिरी होत असले तर? बहिऱ्या नर्सला कोण ठेवणार, आणि ती दोन घरं माझ्याबद्दल पुन्हा एकमत करायला बसली तर काय ठरवतील? मी कोणाला काही सांगितलं नाही. डॉक्टरांनाही नाही.

धानाची कापणी चालू असतानाची गोष्ट. डॉक्टर बाजारगावाला लस टोचायला गेले होते. सकाळीच शेजारच्या गावातला एक शेतकरी बायकोला घेऊन आला, बरोबर त्याची आई. पहिलटकरीण. कळा दोन दिवस येत होत्या आणि थांबत होत्या. आदल्या संध्याकाळपासून माझा कान उसळलेला. मी तिला आडवं केलं, नळी लावली, कान टेकवला.

किर्र.

नळी हलवली. किर्र, आणि त्याखाली धडधड, पण ती धडधड माझी स्वतःची होती. चार ठिकाणी नळी ठेवून पाहिली. पाचव्यांदाही तेच. ती मुलगी, अठरा-एकोणीस वर्षांची असेल, माझ्या तोंडाकडे एकटक बघत होती. मी चेहरा सरळ ठेवायचा प्रयत्न केला आणि तो जमला नाही.

"ठोके लागत नाहीत," मी सासूला म्हणाले. "चांद्याच्या दवाखान्यात न्या. आत्ता लगेच."

"लागत नाईत म्हंजे?"

"म्हणजे मला ऐकू येत नाहीत."

त्या दिवशी मी बोललेलं हे एकमेव शब्दशः खरं वाक्य. त्याचा खरा अर्थ कोणालाच कळला नाही. तिचा नवरा, कापणी टाकून आलेला माणूस, त्यानं तसेच बैल जुंपले आणि गाडीत पेंढा पसरला. मी त्यांना जाताना पाहिलं आणि आत येऊन बसले. तो दिवस कसा गेला ते सांगता येत नाही. कानात एवढा आवाज झाला होता, की आया जेवायला बोलवायला आली तेव्हा तिचे फक्त ओठ हलताना दिसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीच गाडी रस्त्यावर दिसली. चांद्याला जाऊन इतक्या लवकर परत येणं शक्य नव्हतं. म्हणजे वाटेतच काहीतरी झालं होतं. मी औषधांच्या खोलीत गेले आणि दार ओढून घेतलं. एका सरकारी नर्सनं असं करावं का, हा प्रश्न तेव्हा मला सुचला नाही. बाटल्यांच्या मध्ये उभी असताना बाहेरून एक लहान मूल कडकडून रडल्याचा आवाज आला. तो मात्र मला स्पष्ट ऐकू आला.

ती घाटावरच मोकळी झाली होती. डोंगा पलीकडे होता, म्हणून थांबावं लागलं आणि तेवढ्यात मोहाच्या झाडाखाली बाळ आलं. बाजाराला निघालेली जंगलातल्या गावची एक म्हातारी तिथे डोंग्याची वाट बघत बसली होती. तिनं सगळं केलं. मुलगा, धडधाकट.

सासूनं नव्या धानाचे तांदूळ माझ्या पायाशी ठेवले. "बाई, तुमी गाडीत घातलं म्हनून सुटली. गाडीनं असं हासडलं, असं हासडलं, का पोट मोकळंच झालं. तुमाले बरोबर ठाऊक होतं."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "बाळाला ऊन लागू देऊ नका."

माझी कीर्ती पसरायला वेळ लागला नाही. त्या हंगामात तीन कुटुंबं गाडी जुंपूनच दवाखान्यात आली. एक सासरा मला म्हणाला, "बाई, सुनेले घाटापावतर फिरवून आनतो, तुमी नुसतं हो म्हना." मी एकेकाला समजावून परत पाठवलं. ते जाताना असे बघत, जणू मी माझं खास औषध फक्त ओळखीच्यांसाठी राखून ठेवलं आहे. डॉक्टर परत आल्यावर म्हणाले, "तुम्ही गाडीचा उपचार सुरू केला म्हणे?" आणि हसले. मीही हसले. तेव्हा सांगून टाकायला किती सोपं होतं. नाही सांगितलं.

त्यानंतर मी रोज सकाळी माझे कान तपासायला लागले. गजराचं घड्याळ खिडकीत ठेवायचं आणि टिकटिक ऐकू येईनाशी होईपर्यंत एकेक पाऊल मागे जायचं. जिथे थांबले तिथे जमिनीवर खडूची खूण. सात पावलं आली तर दिवस चांगला. सहा आली तर जेवण जाईना. पाच आली, की मी पुन्हा तपासायचे, आणि पुन्हा, आणि दहाव्या वेळेपर्यंत कान इतका ताणलेला असायचा की आवाज उसळलाच म्हणून समजा. तपासल्यानं वाढतो हे मला दिसत होतं. म्हणून, आज तो किती वाढला आहे ते बघायला मी आणखी तपासत होते.

एका सकाळी टिकटिक आलीच नाही. एक पाऊल पुढे, दोन पावलं पुढे, शेवटी घड्याळ उचलून कानाला टेकवलं. काहीच नाही. मी खाटेवर बसले आणि राजीनाम्याचा अर्ज मनातल्या मनात लिहायला घेतला. "विनंती विशेष" पर्यंत आले होते तेवढ्यात आया पाणी घेऊन आली. तिनं खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"काल घड्याळाले चावी नाई देल्ली का, बाई?"

त्यानंतर मी खडू तिलाच देऊन टाकला.

दुपार सगळ्यात वाईट. दवाखाना बारा ते तीन बंद असे, गाव शेतावर, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. त्या शांततेत माझा कान म्हणजे नुसती गिरणी. आणि यावरूनच मला खऱ्या गिरणीची आठवण झाली. गावाच्या टोकाला धान कांडायची गिरणी होती, तिचं इंजिन दुपारभर फटफटत असे. एका दुपारी सहज तिकडे गेले आणि आत पाऊल टाकताच माझ्या कानातला आवाज नाहीसा झाला. एवढ्या गोंगाटात मला इतकं शांत वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं. लोकांनी ते कोंड्याच्या धुळीचं समजलं असावं.

मी रोज जायला लागले. दोन दिवसांचा जुना पेपर घेऊन एका पोत्यावर बसायचे. गिरणीवाला चाळिशीचा विधुर, मान खाली घालून काम करणारा. तिसऱ्या दिवशी त्यानं पोत्याऐवजी खुर्ची ठेवली. चौथ्या दिवशी तांब्याभर पाणी आलं आणि त्याचं धोतर स्वच्छ दिसलं. पाचव्या दिवशी मी येऊन बसले, पेपर उघडला, आणि त्यानं जाऊन इंजिन बंद केलं.

सगळीकडे सुन्न शांतता, आणि माझ्या कानात किर्र.

"चालू ठेवा ना," मी म्हणाले.

"नाई बाई. तुमी आरामात वाचा. लोकाईचं धान उद्या होईन."

"मला आवाजाचा त्रास होत नाही."

"तुमी चांगल्या मनाच्या हाये म्हनून असं म्हनता," तो म्हणाला आणि लाजला.

इंजिन काही चालू झालं नाही. मी पेपरचं एक पान उलटलं, दुसरं उलटलं आणि उठले. त्या संध्याकाळी आयानं मला सांगितलं की गावात लग्नाची तिथीसुद्धा ठरली आहे, फक्त मला विचारायचं बाकी आहे. दुसऱ्या दिवशी डॉक्टर बराच वेळ एकच बाटली पुसत बसले आणि म्हणाले, "गिरणीवाला माणूस चांगला आहे. माझी काही हरकत नाही." मी गिरणीत जाणं बंद केलं. ज्या गृहस्थाच्या इंजिनावर माझा जीव जडला होता, त्याला मी काय सांगणार होते?

त्या उन्हाळ्यात सुइणींचा वर्ग भरवायचा हुकूम आला. चार बायका जमल्या. नखं कापायची, साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, ब्लेड उकळून घ्यायचं, असं मी ओसरीवर उभी राहून सांगत होते. चौथी म्हातारी जंगलातल्या गावाहून चालत आली होती. घरी गोंडी बोलणारी, आमच्याशी अडखळत मराठी. तिनं साबणाचा वास घेतला, नखं निमूटपणे कापून घेतली आणि वर्ग संपल्यावर बाकीच्या गेल्या तरी बसून राहिली.

"घाटावरचं लेकरू मीच काढलं," ती म्हणाली. "चांगलं होतं. आतून लाथा मारत होतं. तू काऊन गाडीत धाडलं?"

इतक्या महिन्यांत हे विचारणारी ती पहिली. मी आजूबाजूला पाहिलं. आया विहिरीवर होती.

"मला ठोके ऐकू आले नाहीत," मी म्हणाले. "माझ्या कानात आवाज येतो. किर्र असा. सारखा."

"आता हाये?"

"आहे."

तिनं मान तिरकी केली आणि ऐकलं. "माझ्याबी हाये."

"कधीपासून?"

"मले का मालूम? मोठ्या पोरीच्या आधीपासून असन. मले वाटे सगळ्याईच्याच कानात रायते."

मला क्षणभर राग आला. ज्याच्यासाठी मी चहा सोडला, घड्याळापुढे पावलं मोजली, औषधांच्या खोलीत लपले, ते या बाईच्या डोक्यात तिच्या मोठ्या मुलीच्याही आधीपासून होतं, आणि त्याबद्दल कोणाला विचारावं असंही तिला कधी वाटलं नव्हतं.

"भीती नाही वाटत?"

"कायचं भेव?" तिनं खरंच विचार केला. "कधी कधी लय होते. तवा मी मोहं वेचाले जातो, नाई त पोरीच्या घरी जाऊन भांडतो. कमी होते का नाई ते नाई पाहात."

मी वर्गात बायकांना लाकडी नळी दाखवली होती. ती तिनं उचलली, कानाला लावली, दुसरं टोक माझ्या दंडावर टेकवलं आणि खदखदून हसली. "किर्र!"

शासनाच्या फॉर्ममध्ये रकाना होता: नळीचा उपयोग समजला, होय की नाही. मी होय लिहिलं.

त्यानंतर महिन्यातून दोन-तीनदा ती बाजाराच्या दिवशी दवाखान्यात यायला लागली आणि मी तिला तपासणीच्या वेळी जवळ बसवू लागले. तपासायला आलेल्या बायकांना ते आवडे. डॉक्टरांना मी सांगितलं की प्रशिक्षणाचा भाग आहे. कोणाचं प्रशिक्षण, ते सांगितलं नाही. ती पोटावर हात फिरवायची आणि म्हणायची, "पाठ इथी हाये." मी नळी तिथे ठेवायचे. हे मलाही शिकवलेलं होतं. पण घाबरलेली नर्स आधी पाठ शोधायची विसरते आणि नळी घेऊन पोटभर भटकत बसते.

दुसऱ्याच खेपेला ती म्हणाली, "तू दम काऊन धरते?"

मी नळीला कान लावला की श्वास रोखून धरत होते. मला ते माहीतच नव्हतं. श्वास रोखला की माझीच धडधड वाढे, ती कानात भरे आणि वर किर्र. मी श्वास सोडला. पुन्हा घेतला. किर्र तिथेच होती, वर कुठेतरी, बारीक आणि उंच. आणि तिच्या खाली, बऱ्याच खाली, दबक्या आवाजात ठोके चालू होते. इतके दिवस मी ठोके ऐकायला म्हणून वाकत होते आणि ऐकत होते किर्र.

मी एका हातानं आईची नाडी धरली, म्हणजे तिचे ठोके आणि बाळाचे ठोके यांत गल्लत होणार नाही, आणि मोजत राहिले. पूर्ण मिनिट. मग आणखी एक मिनिट, कारण थांबवत नव्हतं.

याचा अर्थ मी बरी झाले असा नाही. पुढच्याच आठवड्यात अशी उसळी आली की मी दोन दिवस जेवले नाही आणि म्हातारीचा सल्ला मानून भांडायला कोणी आहे का ते बघितलं. आया सापडली. पण उसळी आली की आधी करायच्या दोन-तीन गोष्टी मला ठरवता आल्या. श्वास सोडायचा. दुपारच्या वेळी खाट आयाच्या अंगणाजवळ न्यायची, जिथे ती उखळात धान कांडत असे. आणि तपासणीला जास्त वेळ लागेल असं बाईला आधीच सांगून टाकायचं, म्हणजे ती माझं तोंड वाचत बसणार नाही.

तोंड वाचणारी ती मुलगी पावसाळ्यानंतर दवाखान्यात आली, बाळाला देवीची लस टोचायला. मुलगा गुटगुटीत, लस टोचली तसा गाव गोळा होईल असा रडला. रडणं थांबल्यावर मी तिला ओसरीवर बसवलं आणि सांगितलं. त्या दिवशी ठोके असणारच, ऐकू मला आले नाहीत, दोष माझ्या कानाचा होता.

तिनं बाळाच्या दंडावरचा कापूस सारखा केला.

"मले वाटलं होतं, गेलंच लेकरू," ती म्हणाली. "घाटापावतर मी त्याले मनात जाय म्हनत होती. एक नाव ठेवलं होतं याचं, कोनाले सांगतलं नव्हतं. ते गाडीतच सोडून देल्लं."

"मग आता याचं नाव?"

"दुसरं ठेवलं. पयलं त गेलं ना."

गाडीच्या उपचारासाठी जिचं अख्ख्या पंचक्रोशीत नाव झालं होतं, त्या नर्सनं नुसता तिचा हात धरला. तिनं तो धरू दिला, आणि मग फार सौजन्यानं विचारलं, "तुमचा कान बरा हाये का आता?"

"आहे तसाच आहे."

"होईन बरा," ती म्हणाली. माझी समजूत तिनं घातली आणि बाळाला कडेवर घेऊन निघून गेली.

त्याच दिवशी मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. डाव्या बाजूला बसून. कोयनेल, रातकिडे, नळी, गाडी, गिरणी. गिरणीपाशी त्यांचा चेहरा जरा पडला, त्यांना ते लग्न मनापासून हवं होतं. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "आधी का नाही सांगितलं?"

"नोकरी जाईल असं वाटलं. पण तुम्हाला उजव्या कानानं ऐकू येत नाही तरी तुम्ही काम करताच, म्हणून आज धीर झाला."

ते दचकले. "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. सगळ्या गावाला माहीत आहे."

"सगळ्या गावाला?"

"लहान पोरांना पण."

गेली कित्येक वर्षं ते खुर्ची कशी ठेवायची, रोग्याला कुठे बसवायचं, मान कुठे वळवायची याची किती काळजी घेत होते ते त्यांनी मग मला सांगितलं. कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून. आम्ही दोघं एका छपराखाली एकमेकांपासून कान लपवत बसलो होतो, आणि त्यातला एक तर कधीच लपला नव्हता.

त्यांनी मला रजा दिली आणि नागपूरच्या कानाच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. मूलपर्यंत बैलगाडी आणि डोंगा, पुढे अरुंद रुळांवरची छोटी गाडी, ती नागभीडला बदलून नागपूर. कानाच्या डॉक्टरांनी कंप पावणारा लोखंडी काटा माझ्या कपाळाला, कानामागे, कानासमोर धरला. मग म्हणाले, "तुम्हाला उत्तम ऐकू येतं. आवाज राहील. कमीजास्त होईल. मनावर घेऊ नका."

छोटी गाडी परतीच्या वाटेवर प्रत्येक स्टेशनात थांबली आणि प्रत्येक स्टेशनात मी ते वाक्य मनावर घेतलं. आवाज राहील. भिवापूरच्या आसपास रडून घेतलं. समोरच्या बाईनं मला विचारलं, कोण गेलं? मी म्हणाले, कोणी नाही. तिचा विश्वास बसला नाही आणि तिनं मला तिच्या डब्यातली अर्धी भाकर दिली. ती खाताना माझ्या लक्षात आलं की डॉक्टरांच्या वाक्यातला पहिला भाग मी ऐकलाच नव्हता. उत्तम ऐकू येतं. तेच तर मी खडूनं जमिनीवर शोधत होते.

दोन वर्षांनी माझी बदली मूलच्या बाजूला झाली. तिथले डॉक्टर तरुण, नुकतेच शिकून आलेले, इस्त्रीच्या कपड्यातले. कागद दाखवून झाल्यावर मी उभ्याउभ्याच सांगितलं, "माझ्या कानात आवाज असतो. ऐकू चांगलं येतं, पण काही दिवस तो वाढतो. त्या दिवशी ठोके मोजायला मला जास्त वेळ लागतो, आणि तेवढा मी घेते."

त्यांनी माझ्याकडे आणि मग कागदांकडे पाहिलं. तिथे असं काही लिहिलेलं नव्हतं. "बरं," ते म्हणाले. "मग तुम्ही तपासत असाल तेव्हा खोलीत कोणी बोलणार नाही, अशी व्यवस्था करतो."

"नको," मी म्हणाले. "बोलू द्या थोडं."

त्यांना ते पटलं नाही, पण पहिलाच दिवस होता म्हणून त्यांनी वाद घातला नाही. बाहेर बाकावर एक बाई मघापासून कळा सोसत बसली होती, सोबत दोन नणंदा, दोघी एकाच वेळी बोलणाऱ्या. मी तिघींनाही आत घेतलं आणि हात धुवायला गेले.